मुंबईच्या खाड्यांत कयाकच्या पेडल ड्राइव्हची निगा आणि त्यातील बदल

मनोरीच्या खाडीत किंवा मढ-मार्वेच्या किनाऱ्यालगत कयाक, म्हणजे लहान अरुंद होडी, चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना पेडल ड्राइव्हचा, म्हणजे पायाने पेडल मारून ती पुढे नेणाऱ्या यंत्रणेचा, शत्रू म्हणजे खारे पाणी असे वाटते. मीठ धातू खाते हे खरेच आहे. परंतु आपल्या खाड्यांमध्ये त्याहून लवकर नुकसान करतो तो पाण्यात तरंगणारा बारीक गाळ. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरहून अधिक असतो आणि एवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करताना खाजणातला सगळा चिखल ढवळून निघतो. हा गाळ ग्रीसमध्ये मिसळला की ते ग्रीस वंगण राहत नाही, पॉलिश पेपरसारखे घासू लागते. म्हणून आधी धुणे, मग वाळवणे आणि शेवटी अगदी थोडे वंगण हा क्रम कधीही मोडू नये, असा माझा आग्रह आहे.

ड्राइव्हचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात कयाकच्या तळाखाली दोन फिन, म्हणजे माशाच्या परांसारखी पाती, आडव्या हलतात. होबी कंपनीने १९९७ साली आणलेला मिराज ड्राइव्ह हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला नमुना आहे. दुसऱ्यात सायकलसारखी पेडल फिरवून गीअरच्या साहाय्याने पंखा फिरवला जातो आणि पेडलच्या एका फेरीत पंख्याच्या साधारण दहा फेऱ्या होतात. पहिल्यात जपायच्या त्या चेन, केबल आणि फिनच्या सळया; दुसऱ्यात पंख्याच्या शाफ्टवरचे ऑइल सील (तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारे रबरी कडे) आणि गीअर.

किनाऱ्यावरून घरी पोहोचेपर्यंत ड्राइव्ह ओल्या पिशवीत बंद ठेवू नये. सोसायटीत नळी लावण्याची सोय नसेल तर न्हाणीघरातला मोठा टब पुरतो. फिनचा ड्राइव्ह गोड्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावा आणि पेडल हाताने पूर्ण मागे-पुढे करत राहावे, म्हणजे चेनच्या सांध्यांत अडकलेला गाळ सुटतो. पहिले पाणी बहुधा मातकट होते. ते फेकून दुसरे घ्यावे. पंख्याच्या ड्राइव्हवर मात्र वरून पाणी ओतावे आणि मऊ ब्रशने घासावे. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप दोन्ही प्रकारांना वर्ज्य आहे, कारण त्याचा जोर पाण्याला सीलच्या आत ढकलतो. त्यानंतर ड्राइव्ह सावलीत टांगून पूर्ण सुकू द्यावा.

सुकल्यावर चेन आणि केबलवर मरीन ग्रीसचा हलका थर बोटाने लावावा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. पुसल्यानंतर जे उरते तेवढेच ग्रीस हवे असते. डब्ल्यूडी-४० पाणी हटवण्यासाठी चांगले आहे, पण ते टिकाऊ वंगण नव्हे. ओ-रिंगला, म्हणजे सांध्यातल्या गोल रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीस लावावे, कारण काही प्रकारचे रबर खनिज तेलाने फुगते.

फिनच्या ड्राइव्हमध्ये महिन्यातून एकदा केबलवरून सुती फडके फिरवावे. एखादी तार तुटलेली असेल तर धागा तिच्यात अडकतो, आणि मग दोन्ही बाजूंच्या केबल एकदमच बदलाव्यात. चेन ढिली वाटल्यास दोन्ही बाजूंचे नट सारखेच, एका वेळी अर्धा फेरा, आवळावेत, कारण जास्त ताणलेली चेन बेअरिंग खाते. फिनची सळई वाकली आहे की नाही, हे पाहण्यासाठी ती काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर लोळवावी. सरळ सळई एकसारखी घरंगळते, वाकलेली ठोके देत जाते.

पंख्याच्या ड्राइव्हमध्ये पंखा काढून शाफ्ट पाहण्याचे काम खाडीतल्या प्रत्येक फेरीनंतर करावे. हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे. मासेमारीच्या गळाची नायलॉनची दोरी पंख्यामागे गुंडाळली गेली होती, पेडल थोडे जड लागत होते, पण मी त्याकडे दुर्लक्ष केले. दोरीने सील कापले आणि काही दिवसांनी गीअरचे तेल काढले तेव्हा ते दुधाळ चहाच्या रंगाचे झाले होते. तेलाचा असा रंग म्हणजे आत पाणी शिरल्याची खूण. त्यानंतर नुसते तेल बदलून भागत नाही, सीलही बदलावेच लागते. काही गीअरबॉक्स कारखान्यातच कायमचे बंद केलेले असतात. ते घरी उघडू नयेत, आणि तेल किंवा ग्रीस कोणते हे माहितीपुस्तिकेवरूनच ठरवावे.

सील आणि बेअरिंगसाठी मुंबईतल्या यंत्रभागांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, जाताना जुना भाग सोबत न्यावा. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, बेअरिंगवर क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ६००१ क्रमांकाचे बेअरिंग म्हणजे १२ मिलिमीटरचे छिद्र आणि २८ मिलिमीटरचा बाहेरचा व्यास. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलेच बेअरिंग मागावे. सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी आणि कडेला थोडे ग्रीस लावून ते सर्व बाजूंनी सारखे दाबावे.

बोल्टच्या बाबतीत फसगत सहज होते. लोहचुंबक चिकटत नाही म्हणून स्टेनलेस चांगले, असे दुकानात सांगितले जाते. पण २०२, ३०४ आणि ३१६ या तिन्ही जातींना चुंबक सहसा चिकटत नाही. समुद्रासाठी ३१६ हवे, कारण त्यातल्या दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनममुळे ते खारे पाणी अधिक सोसते. बोल्टच्या डोक्यावर ‘ए४’ अशी खूण असेल तर तो ३१६ च्या वर्गातला. ‘ए२’ म्हणजे ३०४. अॅल्युमिनियमच्या भागात स्टेनलेसचा बोल्ट बसवताना मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा आणि आट्यांना ग्रीस लावावे, अन्यथा खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम झिजते आणि बोल्ट कायमचा अडकून बसतो.

आता बदलांविषयी. पहिला बदल अगदी साधा आहे: ड्राइव्हला दोरी बांधून ती कयाकच्या कडीत अडकवावी. पंख्याचा ड्राइव्ह हातातून सुटला तर तळाशी जातो आणि गढूळ खाडीत तो पुन्हा सापडत नाही. दुसरा बदल पेडलच्या अंतराचा. पाय पूर्ण ताणल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, अशी सीट किंवा क्रँक (पेडलचा दांडा) लावावी. त्यानंतरच लांब फिन किंवा वेगळ्या पिचचा (पात्यांच्या कमी-जास्त तिरकेपणाचा) पंखा यांचा विचार करावा. फिनचा ताण वाढवला तर पेडल जड होते पण वेग मिळतो. भाडोत्री कयाकवर मात्र ताण कमीच ठेवावा, कारण नवख्या माणसाचे गुडघे लवकर दुखतात. शिअर पिन असलेल्या ड्राइव्हमध्ये तिच्या जागी खिळा घालणे ही सुधारणा नव्हे, कारण पंखा खडकावर आदळल्यावर मोडणे हेच त्या पिनचे काम असते आणि ती मोडली नाही तर गीअर मोडतो. पाण्याच्या पातळीखाली कयाकला छिद्र पाडू नये. बहुतेक कयाक ज्या प्लास्टिकच्या असतात त्या पॉलिथिलीनला नेहमीचे गोंद धरत नाहीत, त्यामुळे ते छिद्र पुन्हा नीट बुजवता येत नाही.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची चाचणी भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ओढ कमी असताना घ्यावी. एकच टप्पा प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने, सारख्याच जोराने कापून दोन्ही वेगांची सरासरी काढावी. एकाच दिशेचा आकडा प्रवाहाचा असतो, ड्राइव्हचा नव्हे. लाइफ जॅकेट आणि वल्हे ड्राइव्ह कितीही उत्तम असला तरी सोबत असलेच पाहिजे.

पावसाळ्यापूर्वी, मेअखेरीस, ड्राइव्ह पूर्ण उकलून धुवावा, फिनचा ताण सैल करावा, पंख्याच्या ड्राइव्हचे तेल बदलावे आणि सर्व भाग सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत मुंबईची दमट हवा कोंडून राहते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पाण्यात उतरण्याआधी ड्राइव्ह घरातच हाताने पन्नास वेळा फिरवावा आणि कुठे खरखर लागली तर त्या दिवशी खाडीकडे जाऊ नये.