चावता येत नसताना खायचं काय? पेज-खिचडी सोडून मऊ, तिखटमिठाचं आणि कमी पिठाचं

दाढ काढली, नवी कवळी बसवली, ब्रेसेस आवळून आणल्या किंवा तोंड आलं, की घरोघरी तेच ताट पुढे येतं: मऊ भात, पेज, साबुदाण्याची खीर, शिरा, दुधात कुस्करलेली पोळी. गिळायला सोपं खरं, पण सगळं पिठूळ आणि बरंचसं गोड. मधुमेह असलेल्यांची साखर दोन दिवसांत वर जाते आणि जखम भरून यायला लागतात ती प्रथिनं पोटात जातच नाहीत. वाटीभर भातात साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं असतात. दोन अंड्यांत ती एक ग्रॅमच्या आसपास, आणि प्रथिनं मात्र १२ ग्रॅम. मऊ खायचं म्हणजे पिठूळच खायचं, असं मुळीच नाही.

सुरू करण्याआधी एक गोष्ट. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि भात-पोळी एकदम बंद केली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण फार तोडलं, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोन नावाची आम्लं धोकादायक प्रमाणात साचू शकतात. डॉक्टरांना आधी फोन करून डोस विचारून घ्या.

आधी फोडणी बदला

मऊ पदार्थ केला आणि वरून नेहमीची मोहरी-कढीपत्त्याची फोडणी ओतली, तर सगळी मेहनत वाया. मोहरीचा दाणा दाढेच्या खड्ड्यात नेमका जाऊन बसतो. तीळ, खसखस, दाण्याचं कूट, सुक्या खोबऱ्याचा कीस यांचंही तेच. दोन चमचे तूप तापवून त्यात चिमूटभर हिंग, अर्धा चमचा जिरं आणि ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या टाका. लसूण सोनेरी झाला की तूप चहाच्या गाळणीतून गाळा. वास-चव तुपात उतरलेली असते, दाणे गाळणीत राहतात. असं तूप छोट्या बाटलीत भरून ठेवलं तर दोन-तीन दिवस पुरतं, पण लसूण असल्यामुळे फ्रिजमध्येच ठेवा. नाशिकच्या थंडीत ते घट्ट गोठतं; बाटली कोमट पाण्यात धरली की सुटतं.

तोंड आलं असेल तर टोमॅटो, चिंच, आंबट ताक आणि मिरची चार दिवस बाजूला ठेवा. आल्याचा नुसता रसही झोंबतो. हिंग, जिरेपूड आणि धणेपूड वस्त्रगाळ करून वापरली की चव येते आणि आग होत नाही.

वाफवलेलं अंडं

या सगळ्यांत हा पदार्थ पहिला. नीट जमला तर दाताची गरजच लागत नाही, जीभ आणि टाळूमध्ये विरघळतो.

दोन अंडी वाटीत फोडून काट्याने हलक्या हाताने मोडा. फेस आणायचा नाही. त्यात १५० मिली कोमट पाणी किंवा चिकनचं गाळलेलं सूप, पाव चमचा मीठ (सूप खारट असेल तर मीठ नको) आणि जिरेपूड घाला. मिश्रण गाळून घ्या, कारण पांढऱ्याचे दोरे राहिले तर तेच नंतर चिवट लागतात. स्टीलच्या पसरट वाटीत ओता, वर ताटली झाका. इडलीपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये पाणी उकळलं की वाटी आत ठेवा, गॅस अगदी मंद करा आणि झाकणाला पंचा गुंडाळा, म्हणजे वाफेचे थेंब वाटीत पडत नाहीत. १० ते १२ मिनिटांनी वाटी हलवून बघा. मधला भाग दह्यासारखा थरथरला तर झालं. पाण्यासारखा हलला तर आणखी दोन मिनिटं.

बिघडतं ते बहुतेक वेळा आचेमुळे. वाफ जोरात असली की अंड्यात स्पंजासारखी भोकं पडतात, पाणी सुटतं आणि रबरासारखा चोथा हातात येतो. असं झालं तर फेकू नका. दोन चमचे सायीबरोबर मिक्सरमधून फिरवा. दुसरी चूक म्हणजे कडकडीत गरम सूप घालणं. अंडं वाटीतच फाटतं.

नाशिककराला चार दिवस मिसळीशिवाय काढणं जड जातं. जखम बरी होत आली की मटकी-फरसाण वगळून नुसता कट बारीक गाळणीतून गाळा, मसाला निम्मा ठेवा आणि या अंड्यावर दोन पळ्या घाला. पाव नाही, पण जिभेला ओळखीची चव मिळते.

पनीर: घरचंच करा

दुकानातलं पनीर बऱ्याचदा दाबून इतकं घट्ट केलेलं असतं, की भुर्जी केली तरी दाताखाली करकरतं. शिवाय नकली पनीरमध्ये स्टार्च मिसळलेला असू शकतो, आणि कर्बोदकं टाळणाऱ्याला तोच नको असतो. तपासायचं असेल तर तुकडा पाण्यात उकळून गार करा आणि टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाका. निळंकाळं झालं तर स्टार्च आहे. तो तुकडा खायचा नाही.

घरी करताना एक लिटर दूध उकळवा, गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. दोन चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. हिरवट पाणी वेगळं दिसलं की हात थांबवा. दूध फाटल्यावरही उकळत ठेवलं तर पनीर चिवट होतं. कापडात गाळून वरून पाणी घाला म्हणजे आंबटपणा जातो. १५ मिनिटं टांगा, वजन ठेवू नका. कोमट असतानाच निवळीचे (गाळलेल्या त्याच हिरवट पाण्याचे) दोन-तीन चमचे, मीठ आणि गाळलेलं तूप घालून मिक्सरमध्ये लोण्यासारखं वाटा. हे असंच खा, किंवा पाण्यात दोन मिनिटं उकळून वाटलेल्या पालकात मिसळा. पालकाचे देठ आधीच काढा. मिक्सरमधूनही त्यांचे दोरे राहतात.

घोटलेला फ्लॉवर आणि भरीत

मऊ भाताची जागा फ्लॉवर घेतो. १०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये कर्बोदकं जेमतेम ५ ग्रॅम. हिवाळ्यात नाशिकच्या गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून घट्ट, पांढरा गड्डा आणा. तुरे हळद-मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, अळ्या असतील तर वर येतात. मग १५ मिनिटं वाफवा. उकडायचं नाही, उकडलेला फ्लॉवर पाणी पितो आणि नंतर पानात पातळ पसरतो. ४०० ग्रॅम वाफवलेले तुरे कापडात हलके पिळून कोरड्या कढईत तीन मिनिटं परता, म्हणजे उरलेलं पाणी उडतं. मग ५० ग्रॅम पनीर आणि दोन चमचे लोण्याबरोबर वाटा.

भरितासाठी मोठं वांगं घेताना सारख्या आकाराच्या दोघांतलं हलकं उचला, त्यात बिया कमी निघतात. भाजून सोलल्यावर बियांचे गुच्छ चमच्याने काढा आणि जळक्या सालीचा कण न् कण वेचा. दाणे, कांदा, हिरवी मिरची नाही. तीन चमचे गोड दही, मीठ आणि तेच गाळलेलं तूप.

खिमा

चिकनचा खिमा दोनदा काढून आणायला सांगा. कच्चा खिमा थेट गरम तेलात टाकला की त्याच्या गोळ्या होतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. २५० ग्रॅम खिमा आधी २०० मिली गार पाण्यात हाताने कालवून पूर्ण सुटा करा, मग मंद आचेवर ढवळत शिजवा. पाणी आटत आलं की नारळाचं घट्ट दूध चार चमचे घालून वाटा. मासा खायचा असेल तर काटा नसलेलाच घ्या. रोहू-कटल्याचे बारीक काटे सुजलेल्या हिरडीत रुतणं फार वाईट.

नुसत्या पाया सुपावर दिवस काढू नका. पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंडं किंवा पनीर यांच्या तुलनेत त्यात प्रथिनं फारच थोडी असतात. कढी केली तर पीठ कमीच घाला: अर्धा लिटर ताकाला एक चमचा बेसन पुरे.

दाढ काढलेल्यांसाठी

पहिल्या दिवशी सगळं कोमट किंवा गारच खा. स्ट्रॉ वापरू नका आणि जोरात चूळ भरू नका. ओढीने खड्ड्यातली रक्ताची गाठ निघते आणि हाड उघडं पडून दुखणं दुप्पट होतं. २४ तासांनंतर दर जेवणानंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून पाणी तोंडात नुसतं फिरवा आणि हळूच सोडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला किंवा गाल सुजत चालला, तर दंतवैद्याकडे जा.

तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनी आणखी एक बघा. तिखट अजिबात सोसत नसेल आणि आपलीच तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, किंवा एखादा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नसेल, तर मऊ जेवणावर दिवस ढकलू नका. तोंड तपासून घ्या.

दुखणं उतरल्यावर वाटलेल्यावरून थेट भाकरीवर उडी नको. आधी मिक्सरऐवजी रवीने घोटलेला फ्लॉवर, मग न वाटलेला खिमा, मग मऊ ऑम्लेटचे तुकडे, तेही दुखऱ्या बाजूला न नेता.