धुराची व्हिस्की चाखताना
गंगापूर रोडला आमच्या गच्चीवर बाटल्या उघडण्याआधी मी चिवडा आत नेऊन ठेवते. तिखट जिभेला धूर कळत नाही. आधी सौम्य बोमोर १२, मग लॅगाव्हुलिन १६, शेवटी ४६ टक्के अल्कोहोलची आर्डबेग १०. नावापुढचा आकडा पिंपात मुरल्याच्या वर्षांचा. तिन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या. धूर येतो तो मोड आलेलं जव वाळवताना जाळलेल्या पीटचा, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या वाळलेल्या मातीचा. प्रत्येकी १५ मिली पुरे. निमुळत्या तोंडाचा ग्लास घ्या, वाइनचाही चालतो. नाक आत खुपसू नका. हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवून हुंगा. आर्डबेगमध्ये मला आधी विझलेली चूल जाणवते, मग लिंबाची साल. आता चार थेंब पाणी घालून पुन्हा हुंगा, गोडवा पुढे येतो. बर्फ अजिबात नको, वास दबतो. रिकामे ग्लास रात्री धुऊ नका. सकाळी हुंगा, नुसती राख उरलेली असते.