आंबिया बहराची नवती : सायलावर फवारण्याआधी पिल्लू उलटून पाहा

पाण्याचा ताण तोडून पहिले पाणी दिले की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागातल्या संत्राबागा जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे आंबिया बहरात, नवतीवर (नव्या पालवीवर) येतात आणि कोवळ्या पानांमागोमाग सिट्रस सायला हजर होते. ३ ते ४ मिलिमीटरचा हा मळकट तपकिरी किडा पानावर मागची बाजू वर करून तिरपा बसतो. त्याची चपटी, पिवळसर-नारिंगी पिल्ले शेंड्याला चिकटून रस शोषतात आणि पांढरे मेणचट धागे सोडतात. रसशोषणापेक्षा मोठा धोका ग्रीनिंगचा आहे. त्या रोगाचा जिवाणू हीच कीड झाडाझाडांवर पोचवते आणि रोग लागलेले झाड बरे होत नाही. त्यामुळे सायला दिसताच पंप बाहेर निघतो, यात नवल नाही.

तरी त्याआधी भिंग घेऊन बागेत एक फेरी मारा. त्याच शेंड्यांवर टॅमरिक्सिया रेडिएटा नावाची परोपजीवी गांधीलमाशी असण्याची बरीच शक्यता असते. ती आपल्याच उपखंडातली आहे. पंजाबातल्या लायलपूरच्या (आजचे फैसलाबाद) नमुन्यांवरून वॉटरस्टन यांनी १९२२ मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तेव्हा तिला टेट्रास्टिकस या प्रजातीत ठेवले होते, पुढे ती टॅमरिक्सियात आली. कुळ युलोफिडी. १९७८ मध्ये भारतातून नेऊन ती रीयुनियन बेटावर सोडली आणि तिथे सायला आटोक्यात आली. जे इतरांनी आपल्याकडून नेले, ते आपल्या बागेत आयते असताना मारून टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

ओळखायची कशी? लांबी जेमतेम १ मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. डोके आणि अंग काळे, पाय फिकट पिवळसर, पंख पारदर्शक आणि त्यांवरची शीर फिकट पिवळी. मादीचे पोट छातीपेक्षा लांब असून त्याच्या वरच्या बाजूला पुढच्या भागात मोठा पिवळा डाग असतो. नर थोडा लहान. त्याच्या मिशा मादीपेक्षा लांब आणि लांब केसांनी भरलेल्या असतात. पायाच्या टोकाला चार पेरे असणे ही या कुळाची खूण, पण ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. ही माशी माणसाला चावत नाही.

उडती माशी सापडली नाही तरी तिचे काम सापडते. मादी सायलाच्या मोठ्या, म्हणजे चौथ्या-पाचव्या अवस्थेतल्या पिल्लाच्या पोटाखाली बहुधा एकच अंडे घालते. अळी बाहेरूनच चिकटून पिल्लाचा रस पिते आणि वाढ पूर्ण झाली की पोकळ झालेले पिल्लू कडेने पानाला घट्ट चिकटवते. अशी ममी गडद तपकिरी होते आणि काडीने ढकलली तरी हलत नाही. सुमारे २५ अंश तापमानात साधारण १२ दिवसांत माशी बाहेर पडते. ममीच्या छातीच्या भागात गोल भोक दिसले की ती निघून गेली असे समजा. भोक मागे, पोटाच्या भागात असेल तर काम डायफोरेन्सिर्टस अलिगढेन्सिस या दुसऱ्या मित्रकीटकाचे. तो पिल्लाच्या आत वाढतो. पांढरी, कुरकुरीत कात मात्र ममी समजू नका. टॅमरिक्सियाची मादी काही पिल्लांना नुसते टोचून त्यांचा रस पिते, तीही मरतात. दोन्ही मिळून एक मादी आयुष्यात ५०० पर्यंत पिल्ले मारू शकते.

आता फवारणीचे. माशीला मोठी पिल्ले लागतात, म्हणून नवतीच्या अगदी सुरुवातीची अंडी आणि बारीक पिल्ले ती आवरू शकत नाही. फवारायचेच असेल तर डोळे फुटताना, ममी तयार होण्याआधी फवारा आणि शक्यतो निंबोळी तेलासारखे सौम्य औषध घ्या. शेंड्यांवर ममी दिसू लागल्यावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड किंवा क्लोरपायरीफॉस मारणे मला चुकीचे वाटते. त्यात माशी मरते आणि पुढच्या नवतीला सायलाला मोकळे रान मिळते. झाड फुलावर असेल तर मधमाश्यांसाठीही हात आवरा.

मुंगळ्यांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. चिकट गोड स्रावासाठी ते सायलाच्या पिल्लांची राखण करतात आणि माशीला जवळ येऊ देत नाहीत. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, खोडाजवळची वारुळे मोडा. पाणसोट (जोमाने सरळ वाढणारे फुटवे) वेळेवर काढा आणि युरिया बेताने द्या, म्हणजे अवेळी नवती फुटणार नाही. मोकळ्या पट्ट्यात थोडा सांभार (कोथिंबीर) फुलावर येऊ दिला तर माशीला मकरंद मिळतो. बांधावरच्या कढीलिंबावर आणि कुंतीच्या झुडपावरही सायला वाढते, तिथलेही शेंडे पाहत जा. ओळखीबद्दल शंका असेल तर ममी असलेला शेंडा बंद बाटलीत घालून नागपुरात अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

रोपवाटिकेत मात्र माशीवर विसंबू नका. तिथे एक सायलाही ग्रीनिंग आणू शकते, म्हणून कलमे कीटकरोधक जाळीतच वाढवा. नवी बाग लावणाऱ्यांनीही जाळीतलीच कलमे मागावीत.