रेल्वेगावाचा इतिहास लिहायचाय? मग आधी ड्यूटी विचारा

पहिली गाडी कधी आली, यावर फार वेळ घालवू नका. ती तारीख मिळेल. आधी शोधा की रेल्वेने वस्ती इथेच का केली. इगतपुरीचं उत्तर घाटात आहे. कसाऱ्याहून वर चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिन लावावं लागतं. कुर्डुवाडीचं उत्तर बार्शीत. मुख्य लाइन बार्शीला बाजूला ठेवून गेली, म्हणून कुर्डुवाडीच्या स्टेशनाला नाव पडलं ‘बार्शी रोड’. १८९७ साली तिथून अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे निघाली. तेव्हा जुने कागद चाळताना दोन्ही नावं शोधा. कागदावर साल नसेल तर वरचं छापील नाव बघा: जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, मध्य रेल्वेच्या आधीची रेल्वे) असेल तर कागद बहुधा १९५१ च्या आधीचा, मध्य रेल्वे असेल तर नंतरचा.

आता माणसं. ‘तेव्हाचं गाव कसं होतं?’ असं विचारलंत की ‘फार छान होतं’ एवढंच हाती लागतं. ‘ड्यूटी कुठली होती?’ विचारा. वाफेच्या इंजिनांच्या काळातला ड्रायव्हर असेल तर कॉलबॉयचं विचारा. रात्री-अपरात्री दार ठोठावून ड्यूटीचा निरोप देणारा हा पोऱ्या. कोण कधी घरी असतं, कोणाच्या घरात काय चाललंय, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! मग घरातल्या बाईंना विचारा, पण नवरा समोर नसताना. दोन वाजताचा डबा कोण करायचं, रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा झोपला की एका खोलीतली पोरं कुठे जायची, रेल्वेचा फुकट पास निघाला की माहेर की देवदर्शन. खरा इतिहास इथे आहे, असं माझं स्पष्ट मत.

कॉलनीचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्या, मोजपट्टी नको. साहेबांचे बंगले, फिटरची चाळ, गँगमनच्या खोल्या, नळ, इन्स्टिट्यूट म्हणजे रेल्वे कर्मचाऱ्यांचा क्लब. कोण कोणापासून किती लांब राहायचं ते बघा, हुद्दा आपोआप कळतो. इन्स्टिट्यूटमध्ये नाटकं, गणपती, कॅरम होतेच. आत कोणाला प्रवेश नव्हता, तेही विचारा. बाजारातला वाणी विसरू नका. पगाराआधीचा शेवटचा आठवडा त्याच्या वहीत सापडेल.

मे १९७४ च्या देशभरातल्या रेल्वे संपाचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. संपावर गेलेला आणि कामावर राहिलेला शेजारी-शेजारीच राहत होते. दोघांना एकत्र बसवून विचारलंत तर दोघंही गप्प होतात. वेगवेगळं विचारा, आणि नाव छापू का, ते त्यांनाच ठरवू द्या.

फोटो मिळाले तर मूळ फोटो घेऊन जाऊ नका, तिथेच मोबाइलवर काढा. मागे लिहायचंच झालं तर पेन्सिलने, हलक्या हाताने: कोण, कुठे, अंदाजे साल. आणि उभ्या माणसांइतकंच मागच्या इंजिनाचा नंबर वाचायचा प्रयत्न करा. साल बरेचदा त्यावरूनच पकडता येतं.