साडेचार फूट पाण्यातला संसार

निवृत्तीनंतर बोटीवर राहायला जायचं मनात असलेली जोडपी भेटली की पहिला प्रश्न हमखास वादळाचा. वादळात काय करता? खरं उत्तर दिलं की त्यांचा जरा हिरमोडच होतो. वादळ येणार असलं की आम्ही दोन दिवस आधीच एखाद्या खाडीत नांगर टाकून पत्ते खेळत बसलेलो असतो. गेल्या पाच हिवाळ्यांत आमची तंतरली ती पाणी खवळलं म्हणून नव्हे, पाणी कमी पडलं म्हणून.

आम्ही दोघं एडिसन, न्यू जर्सीचे. हे सिव्हिल इंजिनिअर, मी इस्पितळाच्या लॅबमध्ये. साठी उलटल्यावर एक चौतीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली. दर ऑक्टोबरात व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून निघतो, डिसेंबरात फ्लोरिडा गाठतो आणि एप्रिलात उलटे फिरतो. भर समुद्रातून नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून नद्या, खाड्या आणि खणलेले कालवे जोडून केलेला आतला जलमार्ग आहे, इंट्राकोस्टल वॉटरवे. नॉरफोकला त्याचा शून्य मैल, मायामी साधारण १,०९०व्या मैलावर. आमची चाल सहा नॉट, म्हणजे ताशी सातेक मैल. सायकलवाला सहज पुढे जातो. दिवसाला चाळीस-पन्नास मैल झाले की पुरे, कारण नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेपाचला अंधार, आणि अंधारात आम्ही चालत नाही.

या मार्गावर निम्म्याहून जास्त वेळ इंजिनच चालतं. शिडाचा रोमान्स डोक्यात घेऊन आलात तर आधीच सांगते, ताशी पाऊण गॅलन डिझेल मोजायची तयारी ठेवा. आमचं शीड उघडतं ते आल्बेमार्ल साउंडसारख्या मोकळ्या पाण्यात. तेही वारा मागून असेल तर.

बोट बघायला गेलं की लोक केबिनमधली गादी दाबून पाहतात. तुम्ही दोन आकडे विचारा: पाण्याखाली किती आणि पाण्यावर किती. मार्गावरचे बहुतेक पक्के पूल भरतीच्या पाण्यावर पासष्ट फूट उंच आहेत. एकदोन त्याहूनही बुटके. आमची डोलकाठी अँटेना धरून एक्कावन्न फूट, त्यामुळे तिकडची काळजी नाही. (तरी पहिल्या पुलाखालून जाताना दोघांनीही मान खाली घातली होती.) पाण्याखाली आमची कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, साडेचार फूट. कागदावर हा मार्ग फोर्ट पिअर्सपर्यंत बारा फूट खोल आहे. कागदावर. गाळ भरत राहतो, आर्मी कोअरला, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाला, पैसे मिळतील तसा तो उपसला जातो, आणि मधल्या काळात नकाशातले बारा फूट जागेवर पाच भरतात.

जॉर्जियातली लिटल मड रिव्हर याच जातीची. नावातच चिखल आहे. पहिल्याच वर्षी, नोव्हेंबरच्या अखेरीस, सकाळी नऊला भरती झाली आणि आम्ही अकराला त्या नदीत शिरलो. जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सात ते नऊ फूट. यांची नजर नकाशाच्या पडद्यावर, म्हणजे प्लॉटरवर, माझा हात सुकाणूवर. खोलीचा आकडा सात, सहा, साडेपाच असा उतरला आणि मग बोट थांबली. धक्का नाही, आवाज नाही. पिठात चमचा रुतावा तशी. मागे घेण्याचा प्रयत्न केला तर चॉकलेटी पाणी उसळलं, बस्स.

रुतलेल्या बोटी ओढून काढणाऱ्या टोइंगवाल्याला रेडिओवरून बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, आत्ता आलो तर मीही तुमच्याशेजारी रुतेन, पाणी चढलं की येतो. मग यांनी कागदावर हिशोब मांडला. भरती संपल्यावर पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. त्या दिवशी फरक आठ फुटांचा. आम्ही रुतलो तेव्हा दोन फूट उतरले होते, अजून सहा उतरायचे होते, त्यातले चार पुढच्या दोन तासांत. सुटका होणार ती पुढच्या भरतीच्या दोन तास आधी. म्हणजे रात्री साडेसातच्या सुमाराला.

साडेआठ तास. बोट हळूहळू एका कुशीवर झोपली. कलत्या बाजूच्या खिडक्या आणि झडपा आधी बंद केल्या. यांनी छोट्या डिंगीतून दुसरा नांगर खोल पाण्याकडे नेऊन टाकला, म्हणजे तरंगल्यावर बोट आणखी चिखलात सरकू नये. हे दोन्ही पहिल्या अर्ध्या तासातच करायचं, कारण नंतर डिंगी उतरवायलाही पाणी उरत नाही. मग मी भिंतीवर बसून, हो, भिंतीवरच, थर्मासातला चहा ओतला. समोर चिखलात पक्षी चालत होते आणि आमच्याकडे बघतही नव्हते.

चहा पिताना माझी नजर केबिनमधल्या कालनिर्णयवर गेली. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. माझं माहेर देवबागचं, मालवणजवळ. आजोबांचा रापणीत वाटा असे. उधाण आणि भांग हे शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकले. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण: पाणी खूप चढतं, तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या पुढेमागे भांग: चढही कमी, उतारही कमी. जेमतेम खोलीच्या नदीत उधाणात, तेही उतरत्या पाण्यावर कुणी शिरतं का? आजोबांनी कानच पिळला असता. त्यातही पौर्णिमा उलटून गेल्यावर भरती रोज थोडी थोडी कमी चढते. भरतीच्या ऐन टोकाला रुतलो असतो तर पुढची भरती आम्हाला उचलेलच याचा भरवसा नव्हता. पावणेआठला बोट सरळ झाली, टोइंगवाल्याने दोरी लावली, आणि अंधारात त्याच्या दिव्यामागून आम्ही बाहेर पडलो.

म्हणून नवख्यांना माझं पहिलं सांगणं: उथळ जागी चढत्या पाण्यावर शिरा. रुतलात तरी अर्ध्या तासात तेच पाणी उचलून देतं.

दुसरं, नांगराचं गणित. खोली दहा फूट दिसते म्हणून दहाचाच हिशोब धरायचा नाही. त्यात चढणारे आठ फूट मिळवा, पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतचे चार मिळवा, झाले बावीस. त्याच्या पाचपट साखळी, म्हणजे एकशेदहा फूट. वारा असेल तर सातपट. शेजारच्या बोटीने कमी सोडली असेल तर तिच्यापासून लांब जा, कारण वारा फिरला की दोघी वेगवेगळ्या वर्तुळांत फिरणार.

तिसरं सांगणं बायकांना. सुकाणू तुम्ही घ्या. पहिल्या वर्षी मी पुढे उभी राहून नांगर ओढायचे आणि हे मागून ओरडायचे, कारण बोट 'पुरुषाने चालवायची' असते. माझी पाठ धरली आणि बोलणंही बंद झालं. आता नांगर यांच्याकडे, सुकाणू माझ्याकडे, आणि मधे फक्त हाताच्या खुणा: मूठ म्हणजे थांब, तर्जनी डावीकडे म्हणजे डावीकडे. इंजिनच्या आवाजात "अगं, अगं" काही ऐकू येत नाही. आम्ही बार्नेगाट बेवर अमेरिकन सेलिंग असोसिएशनचे १०१ आणि १०३ हे कोर्स केले, दोघांनी, वेगवेगळ्या आठवड्यांत. एकत्र शिकायला गेलात तर एकच शिकतो आणि दुसरा सँडविच बनवतो. एक जण पाण्यात पडला किंवा आजारी पडला तर दुसऱ्याला बोट एकट्याने धक्क्याला लावता आलीच पाहिजे.

रेडिओची भीती आठवड्यात जाते. चॅनेल १६, हाक आणि संकटासाठीचं, कायम चालू ठेवायचं. उघडणाऱ्या पुलांना व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात १३ वर हाक मारायची, साउथ कॅरोलिनापासून खाली ९ वर. बोटीचं नाव मात्र विचार करून ठेवा. आमची बोट 'शुभदा'. पुलावरचे लोक तिला 'शू-बुडा' म्हणतात. बोटीला दिवसातून चार वेळा 'बुडा' ऐकावं लागतं, आणि हे दर वेळी हसतात.

जागेची आणि पाण्याची सवय होते. आमची गोड्या पाण्याची टाकी सत्तर गॅलनची, आठ दिवस जाते. भांडी आधी खारट पाण्यात, मग गोड्या पाण्याचा एक हात. प्रेशर कुकर हवाच: गॅस वाचतो आणि बोट डुलली तरी झाकण उडत नाही. मेतकूट, कोकम, भाजणी एडिसनहूनच भरून निघतो, कारण पुढे चार्ल्सटनपर्यंत देशी दुकानाची खात्री नाही. संडासाची टाकी भरली की मरिनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, पंपाने उपसून घ्यायची. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत तशीच सोडणं गुन्हा आहे. हे काम कुणाचं हे निघण्यापूर्वीच ठरवा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. पासष्टीनंतर मूळ मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, घेतलंत तर ते स्वीकारणारा डॉक्टर कुठल्याही राज्यात चालतो. खाजगी कंपन्यांच्या मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजनांना बहुधा आपल्या भागातलेच डॉक्टर लागतात, आणि साउथ कॅरोलिनात दात दुखला की हे कळून उपयोग नाही. बोटीच्या विम्यात चक्रीवादळांच्या मोसमाची अट वाचा. मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. आमच्या करारात ठरलेल्या तारखेआधी ठरलेल्या रेषेच्या दक्षिणेला गेलं तर भरपाई नाही. आणि पहिल्या वर्षी घर विकू नका. भाड्याने द्या. आमच्या ओळखीतली दोन जोडपी विकून आली आणि पहिल्याच फेब्रुवारीत घर शोधत होती.

मुलांना ठिकाण आणि तारीख एकदम देऊ नका. ठिकाण सांगा किंवा तारीख सांगा. दोन्ही नाही. लेकीने एकदा थँक्सगिव्हिंगला चार्ल्सटनची विमानाची तिकिटं काढली, आणि त्या तिकिटांपायी आम्ही वायव्येच्या वाऱ्यात निघालो. एरवी निघालो नसतो. पोचलो, पण टर्की पुढ्यात असताना माझे हात थरथरत होते. तेव्हापासून ती आमची बोट कुठे आहे ते फोनवर बघते आणि जवळच्या विमानतळावर येते.

सुंदर जागा सांगायला लागले तर संपणार नाही, म्हणून दोनच. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरचा डिझ्मल स्वॉम्प कालवा १८०५ साली खुला झाला, बावीस मैल लांब, दोन्ही टोकांना लॉक, म्हणजे पाणी अडवून बोट वर-खाली करणारी दारं. तिथे पाणी आठेक फूट वर चढवतात, मग उतरवतात. झाडांच्या सालींतून उतरलेल्या टॅनिनमुळे पाणी कोऱ्या चहासारखं, आणि त्याने बोटीच्या पांढऱ्या नाकाखाली तपकिरी मिशी उमटते. एप्रिलात हे ती लिंबाच्या रसाने घासतात. दुसरं जॉर्जियातलं कम्बरलँड बेट. डंजनेस हा कार्नेगींचा वाडा १९५९ मध्ये जळाला, त्याच्या उभ्या भिंतींपाशी रानटी घोडे चरतात. नांगर टाकून तीन दिवस राहिलो, एकदाही घाई झाली नाही. आम्हाला डास भेटले नाहीत, पण डोळ्यांनी न दिसणारी चिलटं आहेत, त्यांना जाळीसुद्धा अडवत नाही.

जॉर्जियाचा तो टप्पा आता आम्ही भांगातच करतो. आजोबा तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगत. तो हिशोब मालवणचा, इथे चालत नाही, कारण प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. पण चंद्र तोच. जॉर्जियात अष्टमीच्या पुढेमागे सकाळी आठला ओहोटी संपते आणि दुपारी दोनपर्यंत पाणी चढत राहतं, म्हणजे आमचा चालायचा अख्खा दिवस चढत्या पाण्यावर. सप्टेंबरात हे इंजिनचं तेल बदलायला घेतात तेव्हा मी कालनिर्णयचं नोव्हेंबरचं पान काढून दोन अष्टम्यांभोवती लाल गोल करते. नॉरफोकहून कधी निघायचं ते त्या गोलांपासून उलटं मोजत येतो.