सेकंडहँड हायब्रिड घेताना आणि पुढे सांभाळताना

सेकंडहँड बाजारात 'हायब्रिड' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीच्या गाड्या विकल्या जातात. सियाझ-अर्टिगाची एसएचव्हीएस, ग्रँड व्हिटाराची स्मार्ट हायब्रिड, हायरायडरची निओ ड्राइव्ह या माइल्ड. त्यांची मोटर इंजिनाला हातभार लावते, पण एकटी गाडी ओढत नाही. २०२२ पासूनच्या ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरची स्ट्राँग व्हेरिएंट्स, हायक्रॉस हायब्रिड आणि जुनी कॅमरी हायब्रिड यांच्यात मोटर एकटीही गाडी चालवते. खूण सोपी: बटण दाबल्यावर मीटरवर 'रेडी' येतं आणि इंजिन बहुतेकदा गप्पच असतं. पुढचं सगळं या दुसऱ्या जातीबद्दल, म्हणजे टोयोटाच्या हायब्रिड यंत्रणेबद्दल आहे.

घेण्याआधी चॅसिस नंबरवरून सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण नोंदी काढा. हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी वॉरंटी आहे. ती पुढच्या मालकाला लागू राहते का, हे पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लिहून घ्या. मग गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड स्कॅन करा. 'पी०ए८०' कोड म्हणजे बॅटरी पॅक संपत आल्याची तक्रार, 'पी०एए६' म्हणजे उच्च व्होल्टेजच्या सर्किटचं इन्सुलेशन बिघडलेलं. कोड नुकतेच पुसलेलेही असू शकतात, म्हणून वीसेक मिनिटं गाडी चालवा आणि ओबीडी डोंगलवर (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायच्या छोट्या यंत्रावर) बॅटरीच्या ब्लॉकचे व्होल्टेज बघा. जुन्या कॅमरीच्या निकेल-मेटल हायड्राइड पॅकमध्ये १४.४ व्होल्टचे १७ ब्लॉक असतात. जोरात अॅक्सिलरेटर दाबल्यावर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या ब्लॉकमधला फरक ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर पॅक ठीक समजा. फरक १ व्होल्टकडे सरकत असेल तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी सोडा.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली हायब्रिड कधीही घेऊ नका. पॅक खालच्या बाजूला असतो; कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी वर्षभरानंतरही गंज होऊन वर येतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ आहे का बघा, डिकीतलं कार्पेट उचला, सीटचे बोल्ट गंजलेत का तपासा.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे या बॅटऱ्यांना वयापेक्षा उष्णता आणि धूळ जास्त लवकर संपवते. पॅक थंड ठेवणारा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो, सीटच्या आसपासच्या जाळीतून. (नेमकी जागा मॅन्युअलमधल्या चित्रात असते.) त्या जाळीवर पिशवी, उशी, चादर टाकली किंवा आत कुत्र्याचे केस साचले की पॅक तापतो. तापला की यंत्रणा त्याच्याकडून कमी काम घेते, इंजिन वारंवार सुरू होतं आणि मायलेज उतरतं. या पंख्याची घरघर वाढणं ही दिवा लागण्याच्या बरीच आधीची सूचना आहे, ती ऐका.

सफाईसाठी गाडी पूर्ण बंद करा. जाळीचं झाकण प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूच सोडवा. स्क्रू-ड्रायव्हरने क्लिपा तुटतात. फिल्टर काढून व्हॅक्यूमने आणि मऊ ब्रशने साफ करा. धुतलाच तर पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नका. दर १०,००० किमीला हे करा, धुळीच्या रस्त्यांवर ५,००० ला. फिल्टरमागचा पंखाच धुळीने माखला असेल तर तो उघडणं प्रशिक्षित मेकॅनिकचं काम. उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलला स्वतः हात लावायचा नाही; सर्व्हिस प्लग (पॅकचा वीजप्रवाह तोडणारा प्लग) काढल्यावरही कपॅसिटरमधली साठलेली वीज उतरायला किमान १० मिनिटं जावी लागतात.

विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात गाडी उन्हात उभी असेल, तर निघताना आधी काचा उघडून कोंडलेली हवा बाहेर काढा, मग एसी लावा. केबिन थंड तर बॅटरी थंड.

१२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ती इंजिन फिरवत नाही, फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या पॅकचे रिले (विजेचे स्विच) जोडते. ती उतरली की मीटरवर दिव्यांची रांग लागते आणि मालकाला वाटतं, लाखोंचा पॅक गेला. म्हणून आधी मल्टिमीटर लावा: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट उत्तम, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. गाडी पडून राहणार असेल तर आठवड्यातून एकदा तासभर 'रेडी'त ठेवा, तीही मोकळ्या जागेत, कारण इंजिन मधूनच सुरू होतं. नुसत्या अॅक्सेसरी मोडमध्ये ठेवली तर ती उलट उतरते. आणि या बॅटरीवरून दुसऱ्याच्या गाडीला जंप स्टार्ट देऊ नका.

सिग्नलला गाडी 'एन'मध्ये टाकायची सवय सोडा. 'एन'मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही, एसी मात्र तिलाच खात राहतो. 'डी'मध्ये ब्रेकवर थांबा, जास्त वेळ असेल तर 'पी'. घाट उतरताना काही किलोमीटरांतच बॅटरी भरते आणि मग सगळा भार ब्रेक पॅडवर येतो; अशा लांब उतारावर गिअरमध्ये 'बी' (इंजिन ब्रेकिंग) असेल तर तो वापरा. सपाट रस्त्यावर 'बी'चा उपयोग नाही.

ब्रेकिंगचं बरंच काम मोटर करत असल्याने पॅड खूप टिकतात, पण त्यामुळेच कोकणच्या पावसात डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना आवळतात. पावसाळ्यानंतर चारही चाकं काढून पिना साफ करून ब्रेक ग्रीस लावून घ्या. ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदला, तेही स्कॅनर असलेल्या ठिकाणीच.

इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणाऱ्या यंत्राच्या) कूलंटची टाकी इंजिनच्या टाकीपासून वेगळी असते. सर्व्हिसला दोन्हींची पातळी बघून घ्या. गुलाबी कूलंटमध्ये बाजारातला हिरवा मिसळू नका. इंजिन ऑइल किलोमीटर कमी झाले तरी वर्षाला बदला, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही आणि ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं.

पीयूसीला इंजिन मधेच बंद पडतं आणि केंद्रावर गोंधळ होतो. कॅमरीत त्यासाठी मेंटेनन्स मोड आहे. ब्रेक न दाबता बटणाने इग्निशन ऑन करा. मग 'पी'त दोनदा, 'एन'मध्ये दोनदा आणि परत 'पी'त दोनदा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. हे सगळं मिनिटभरात व्हायला हवं. त्यानंतर ब्रेक दाबून स्टार्ट केलं की इंजिन सलग चालतं. या मोडमध्ये गाडी रस्त्यावर काढू नका. चाचणी झाली की बंद करून पुन्हा सुरू करा.