ई-नामवर सोयाबीन विकायचंय? आधी खळ्यावर बघा, मग मोबाइलवर

बाबांच्या वेळी सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्या आणि व्यापारी एकमेकांची बोटं दाबायचे, आणि ज्याचा माल तो बाजूला उभा राहून त्यांच्या चेहऱ्यावरून भाव ताडायचा. एप्रिल 2016 मध्ये ई-नाम, म्हणजे सरकारचा शेतमालाचा ऑनलाइन बाजार, सुरू झालं, आता बोली स्क्रीनवर लागते. तरी चार हंगाम विकल्यावर माझं मत असं की मोबाइलचं काम दहा मिनिटांचं, भाव ठरतो तो नमुन्यावर.

नोंदणीचं आधी उरकून घ्या. आधार, मोबाइल नंबर आणि बँकेचं पासबुक लागतं. ॲपवर जमलं नाही तर बाजार समितीच्या गेटवर करून देतात. पासबुक तेवढं ताजं द्या. माझी बँक दुसरीत विलीन झाली, आयएफएससी कोड बदलला, आणि मी शहाण्याने जुनीच झेरॉक्स दिली. पैसे नऊ दिवस लटकले, इकडे हरभऱ्याची पेरणी तोंडावर.

आता ओलावा. सोयाबीनला व्यापारी 10 टक्क्यांचा हिशेब धरतात. हमीभाव केंद्रावर एरवी 12 ची अट असते, 2024 ला ती 15 पर्यंत सैल केली होती. घरी मीटर नसला तरी दाणा दाताखाली धरा. कट्कन दोन डाळी झाल्या तर वाळलाय. चेपला, तर अजून दोन उन्हं दाखवा.

पण वाळवणंही हिशेबानं करा. 14 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल 10 वर आणला की साधारण साडेपंच्याण्णव किलो उरतो. म्हणजे ओल्याला 4000 मिळत असतील, तर वाळल्याला 4190 च्या पुढे भाव मिळाला तरच परवडतं, आणि त्यात मजुरी धरलेली नाही. नुसतं 'वाळवून आणा' म्हणणाऱ्याचं काय जातं!

पावसात भिजलेला माल चांगल्यात मिसळू नका. एका लॉटला, म्हणजे एकत्र विकायला लावलेल्या मालाला, एकच तपासणी अहवाल असतो. पाच डागी पोती पंचवीस चांगल्या पोत्यांचा भाव खाली ओढतात. गेटवरच दोन लॉट सांगा, दोन नंबर घ्या.

नमुना काढताना मात्र चहाला जायचं नाही. ती पोकळ नळी वरच्या दोन पोत्यांत खुपसून मोकळे होत असतील तर मधल्या, खालच्या पोत्यातूनही घ्यायला लावा. पोत्याच्या तळाशी माती बसते हे खरं, पण वरवरचा नमुना निघाला तर माल उतरवताना व्यापारी कुरकुर करतो आणि भांडण तिथं लागतं. ओलावा, काडीकचरा, डागी दाणे, तिन्ही आकडे अहवालात वाचून घ्या.

बोली संपली की सर्वात वरचा भाव दिसतो. तो पटला नाही तर नाकारता येतो, कुणी डोळे वटारले तरी. मी एकदा नाकारला. दुसऱ्या दिवशी चाळीस रुपये कमीच आले, तेही सांगून ठेवतो.

वजनाच्या वेळी काट्याच्या आकड्याचा फोटो काढा. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात आली की वजन त्या फोटोशी जुळवा, भाव आणि हमाली-तोलाई तपासा, आणि मगच ट्रॅक्टर हलवा.